तार, बिनतार आणि पोच

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर मंडळी तीन गोष्टी करतात, असा सार्वत्रिक समज आहे: फराळ करणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि दिवाळी अंकांना नावे ठेवणे. गेल्या दिवाळीत मी चौथीच गोष्ट केली. बेंबळीला आमच्या घराच्या ओसरीवर मांडी घालून, एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात दोन रंगीत वायरी धरून, मी तीन दिवस बसून होतो. मराठीच्या अध्यापकाला हे शोभते का, असे आमच्या वहिनींनी विचारलेही. पण ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की शब्द जेथे अडतो तेथे मी बसतो. त्या वायरींत शब्दच अडला होता.

बेंबळी हे आमचे गाव धाराशिव तालुक्यात आहे. मी पुण्यास राहतो आणि थोरले बंधू गावी शेती करतात. सोयाबीन निघाले की रब्बीची ज्वारी आणि हरभरा, आणि त्यांना विहिरीचे पाणी. विहीर घरापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते; एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. शहरात वीज गेली की आपण कुरकुरतो. तिकडे ती आली की झोपेतून उठावे लागते. रात्री दीडला वीज आली, की दादा काठी आणि बॅटरी घेऊन पाणंदीने निघतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यात एकाला अशाच वेळी पान लागले. तो वाचला, पण तेव्हापासून दादा परत येईपर्यंत वहिनींचा डोळ्याला डोळा लागत नाही. वय आता पंचावन्न झाले, हे दादांना सांगण्याची मात्र घरात कोणाची छाती नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे. विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करण्याचे यंत्र स्वतः बनवायचे, असे त्याने मनावर घेतले होते. अशी यंत्रे बाजारात तयार मिळतात आणि मराठवाड्यात पुष्कळ शेतकरी ती वापरतातही. पण घरात शिकलेला मुलगा असताना विकत का आणायचे, हा दादांचा सवाल. त्याप्रमाणे सुटे भाग आणले, जोडले, आणि यंत्र बोलेना. त्यातच पोराचे दोन विषय राहिले होते. दिवाळीनंतर कॉलेजला जाणार नाही, असे त्याने आईला सांगून टाकले होते. दादा एवढेच म्हणाले, “पैसं पाण्यात गेलं, अन् पाणी काय शेतात गेलं न्हाई.”

रात्री जेवणे झाल्यावर मी पुतण्याला विचारले, “अडतंय कुठं?”

“काका, तुम्हाला नाही कळायचं. सीरियल कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम आहे.”

“मला कळेल असं सांग. कळलं नाही तर दोष माझा.”

पोरगा गप्प बसला. त्याला येत नव्हते असे नाही. व्याख्या इंग्रजीत घडाघडा येत होत्या. त्यांच्या आत काय आहे ते मात्र त्याने कधी उघडून पाहिले नव्हते. लाडवाचा डबा वाजवून पाहावा आणि झाकण काढू नये, तसे. मग आम्ही एकेक झाकण काढायला बसलो.

पहिला शब्द ‘सीरियल’. यंत्राला दोनच अक्षरे कळतात, शून्य आणि एक. अशा आठ खुणांचा एक गट म्हणजे साधारण एक रोमन अक्षर. हे आठ आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायचे, तर आठ तारा टाकून एकदम नेता येतात. त्याला समांतर पद्धत म्हणायचे. नाही तर एकाच तारेवरून एकामागून एक सोडायचे; ही क्रमिक पद्धत. म्हणजे आमच्या पाणंदीतल्या गाड्या. मोकळ्या रानातून आठ गाड्या जोडीने हाकता येतील, पण लांब जायचे असले की एक पुढे, एक मागे होते. आठही एकाच क्षणी बाजारात पोचणार नाहीत. पाणंद अरुंद खरी, पण गाड्यांचा क्रम मोडत नाही. पूर्वी संगणकाला छपाईयंत्र रुंद पट्ट्यासारख्या केबलने जोडत असत, ती समांतर पद्धत. १९९६ मध्ये आलेल्या ‘यूएसबी’ने ती मागे सारली. त्या नावातला मधला ‘एस’ म्हणजे हाच ‘सीरियल’. आपण रोज फोनला लावतो ती वायर म्हणजे एक पाणंदच आहे.

“ही कल्पना काही तुमच्या संगणकाची नव्हे,” मी पुतण्याला म्हणालो. “आपल्या गावी ती पोष्टाच्या पिशवीतून येत असे.”

मोर्सची तार म्हणजे दुसरे काय होते? एक तार, तिच्यावर आखूड आणि लांब ठोके, एकामागून एक. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर ह्या शहरांमध्ये मोर्सने ती चालवून दाखवली. १८५४ पर्यंत मुंबई, कलकत्ता, आग्रा आणि मद्रास तारेने जोडली गेली. १८७० साली समुद्राच्या तळातून टाकलेली केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली आणि लंडनची बातमी पाण्याखालून येऊ लागली. भारतातली ही तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. माझ्या लहानपणी बेंबळीत ‘तार आली’ एवढे ऐकताच आजी रडायला बसे. कारण गावाकडे तार यायची ती एकाच प्रकारची. एकदा धाकट्या काकांना नोकरी लागल्याची तार आली. ती इंग्रजीत, शाळेतले गुरुजी येऊन वाचीपर्यंत निम्मी आळी आमच्या दारात जमली होती, आणि आजीने दोन-तीन नातेवाइकांना मनातल्या मनात पोचवूनही टाकले होते. निरोप पोचला होता, अर्थ पोचला नव्हता. हा फरक पुढे कामाला येणार होता.

दुसरा शब्द ‘बॉड’. हा शब्द पुतण्याने परीक्षेत चार वेळा लिहिला होता, पण तो एका माणसाच्या नावावरून आला आहे हे त्याला माहीत नव्हते. एमिल बोदो हा फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शेतात राबला आणि १८६९ मध्ये तारखात्यात लागला. मोर्सच्या खुणा लहानमोठ्या. इंग्रजी ‘ई’ला एकच आखूड ठोका, तर इतर अक्षरांना तीन-तीन, चार-चार. बोदोने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षराला सारखेच पाच ठोके दिले. पाच ठोक्यांची बत्तीस रूपे होतात. यंत्राला हे फार सोयीचे. सेकंदाला किती ठोके, ह्या मापाला त्याचे नाव मिळाले. शेतकऱ्याच्या पोराचे नाव आज जगातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात आहे, हे ऐकून पुतण्या जरा सावरून बसला. दादा पलीकडे बाजेवर पडले होते. त्यांनीही कूस बदलली.

पुतण्याचे यंत्र ९६०० बॉडने बोलणार होते. म्हणजे एका ठोक्याला सेकंदाचा ९६००वा भाग. आता गंमत अशी, की दोन यंत्रांत घड्याळाची वेगळी तार नसते. मग ऐकणाऱ्याने ठोका कधी मोजायचा? त्यासाठी रीत ठरली आहे. कोणी बोलत नसेल तेव्हा तारेवर ‘एक’ उभा असतो. बोलायचे झाले की आधी एक ‘शून्य’ येते. ही सुरुवातीची खूण, म्हणजे दाराची कडी वाजवणे. मग आठ ठोके अक्षराचे, आणि शेवटी पुन्हा ‘एक’, म्हणजे दार लोटून घेणे. एका अक्षराला असे दहा ठोके लागतात. म्हणून ९६०० बॉडने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. कडी वाजली की ऐकणारा आपल्या मनाने ताल धरतो आणि प्रत्येक ठोक्याच्या मध्यावर पाहतो. दोघांची लय एक नसेल, तर अक्षरे तीच, पण ऐकू येते भलतेच.

पुतण्या ताडकन उठला. लॅपटॉपच्या पडद्यावर त्याला दोन दिवस चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसत होती. फोनचा भाग १,१५,२०० बॉडने बोलत होता आणि हा ९६०० ने ऐकत होता. बरोबर बारापट घाई. दोघांना एका लयीवर आणल्यावर पडद्यावर स्वच्छ अक्षरे आली. पण ती लॅपटॉपवर. फोनचा भाग मोटरच्या नियंत्रक पाटीला जोडला, की पुन्हा मौन.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आम्ही पुढचे शब्द काढले. जोडणीत दोन तारा असतात, एक बोलण्याची आणि एक ऐकण्याची. त्या उलटसुलट जोडाव्या लागतात. ह्याचे तोंड त्याच्या कानाला, त्याचे तोंड ह्याच्या कानाला. तोंडाला तोंड जोडले तर भांडण होते, आणि कानाला कान जोडला तर सरकारी समिती. ही जोडणी पुतण्याने बरोबर केली होती.

बोलण्याच्या रीतीही तीन. आकाशवाणी बोलते, आपण ऐकतो, ती एकेरी. पोलिसांच्या बिनतारी संचावर दोघेही बोलतात, पण एका वेळी एकच. म्हणून बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे. पाणंदीत समोरून गाडी आली तर एकाने थांबायचे, तसे. ही पाळीची. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात, ती दुहेरी. आमच्या घरात दादांची रीत पहिली आणि वहिनींची तिसरी, असे पुतण्याने हळूच सांगितले. विषय त्याला समजू लागल्याची ही खूण होती.

मग ‘पॅरिटी’. अक्षर वाटेत बिघडले, हे कसे कळावे? आठ ठोक्यांत ‘एक’ किती आले ते मोजायचे, आणि संख्या सम व्हावी म्हणून शेवटी शून्य किंवा एक जोडायचे. पलीकडे संख्या विषम निघाली की अक्षर बिघडले. दोन ठोके एकदम चुकले तर मात्र ही चाळणी फसते. ऊसतोडीच्या मोळ्या जोडीजोडीने मोजणाऱ्यासारखेच हे. एक हरवली तर लक्षात येते, जोडी हरवली तर नाही.

आता राहिला शब्द ‘ग्राउंड’. पुतण्या म्हणाला, “ते काही नाही काका, ते शून्य असतं.”

“शून्य कुठून मोजायचं?”

प्रश्न मी अज्ञानाने विचारला होता. एखादी तार ‘एक’ आहे म्हणजे तिच्यावर तीन किंवा पाच व्होल्ट दाब आहे, असे त्याने मला सांगितले होते. पण दाब म्हणजे उंची. आणि उंची नेहमी कशापासून तरी मोजायची असते. आमच्या विहिरीचे पाणी दादा काठापासून मोजतात, गडी खालच्या ओट्यापासून. एक म्हणतो वीस फूट, दुसरा म्हणतो पंधरा. पाणी तेच, पण दोघांचे कधी जमायचे नाही. मोजायचे कुठून, हे आधी ठरले पाहिजे.

पुतण्या माझ्याकडे पाहतच राहिला. फोनचा भाग संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतो, म्हणून त्याने त्याला वेगळा वीजपुरवठा दिला होता. नियंत्रक पाटीचा पुरवठा वेगळा. दोघांची शून्ये आपापल्या घरी. बोलण्याची तार होती, ऐकण्याची होती. पण दोघांना मिळून एक जमीन नव्हती. त्याने काळ्या वायरीचा वीतभर तुकडा तोडला आणि दोन शून्ये एकमेकांना जोडली.

नियंत्रकाने विचारले, ‘एटी’. म्हणजे, “लक्ष आहे का?” फोनच्या भागाने उत्तर दिले, ‘ओके’.

हा ‘एटी’ १९८१ मध्ये एका अमेरिकन मोडेमबरोबर आला. ‘अटेन्शन’ ह्या शब्दाची ती पहिली दोन अक्षरे. आज आपल्या विहिरीवरचे यंत्रही काम सांगण्यापूर्वी आधी लक्ष आहे का, असे विचारते. वर्गात मी गेली वीस वर्षे हेच करीत आलो आहे. उत्तर एवढ्या लवकर कधी मिळाले नाही.

घरापासून विहिरीपर्यंत तार कशाला नको, असा प्रश्न दादांनी मध्येच टाकला. दोन तारा पिळून त्यांच्यातल्या दाबाचा फक्त फरक वाचण्याची एक पद्धत आहे, तिने बाराशे मीटरपर्यंत निरोप जातो. पण वाटेत दुसऱ्यांची राने आहेत, नांगर आहेत आणि तार चोरणारेही आहेत. म्हणून बिनतारी. बिनतारी म्हणजे ठोके बदलत नाहीत, पाणंद बदलते. रेडिओची एक लहर वाहन म्हणून घ्यायची आणि तिच्यावर तेच शून्य-एक चढवायचे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात दुरून घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून ह्या लहरींचा प्रयोग दाखवला. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडून पकडले, तेही मोर्सचे तीन ठोकेच, इंग्रजी ‘एस’. १९२७ मध्ये तर पुण्याजवळ खडकीहून इंग्लंडकडे बिनतारी संदेश जाऊ लागले आणि तिकडचे दौंडला उतरू लागले. दौंड म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण, एवढेच आपल्याला माहीत.

जवळच्या जवळ बोलायला आता ‘ब्लूटूथ’ आहे. हे नाव दहाव्या शतकातल्या हॅरल्ड ह्या डॅनिश राजाचे. त्याने भांडणारे लोक एका राज्यात आणले, म्हणून एका अभियंत्याने १९९७ मध्ये ते सुचवले. ह्या दोन यंत्रांची आधी ओळख करून द्यावी लागते. त्याला आपण खुशाल ‘जोडी जमवणे’ म्हणू. मग ती सेकंदाला सोळाशे वेळा लहर बदलत बोलतात, म्हणजे शेजारच्याचा गोंगाट आड येत नाही. पण त्यांची हाक साधारण घरापुरतीच. विहिरीपर्यंत पोचायला मोबाइलचा मनोराच हवा.

‘बिनतारी’ हा शब्द मला लहानपणापासून थोडा अपुरा वाटतो. जे नाही त्याच्यावरून ठेवलेले नाव! इंग्रजीतही तसेच आहे म्हणा. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि भाषा संचालनालय स्थापन होऊन मराठी परिभाषेचे काम सुरू झाले. त्याच साली अमेरिकेत यंत्रांनी एकमेकांशी क्रमाने कसे बोलावे, ह्याचे ‘आरएस-२३२’ नावाचे मानक ठरले. दोन्हीकडे काम एकच, समोरच्याला कळेल असे बोलण्याची रीत ठरवणे. यंत्रांचे बरे जमले आहे. आमच्या परिभाषेचे पुष्कळसे शब्द मात्र कोशातच राहिले. पाणंदीपर्यंत आले नाहीत. पुतण्याचे दोन विषय राहिले, त्याला हे एक कारण असावे, असे मला त्या ओसरीवर प्रथमच वाटले.

संध्याकाळी पुतण्याने शेवटचा शब्द सांगितला: ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’. नुसता निरोप पाठवून भागत नाही. मिळाला, असे पलीकडून कळले पाहिजे. न कळले तर पुन्हा पाठवायचा.

“ह्याला मराठीत काय म्हणायचं, काका?”

मी उत्तर देण्याआधीच बाजेवरून दादा म्हणाले, “पोच म्हन की. आज्याच्या कागदात हाय न्हवं, ‘पोच द्यावी’ म्हनून.”

ह्या शब्दाला आमच्या कोशात पर्याय शोधण्याची गरज नव्हती. मोटर सुरू झाली, तिन्ही फेज नीट आहेत, तर यंत्राने तसा निरोप घरी धाडायचा, आणि तो मराठीत, असे ठरले. त्यात एक अडचण निघाली. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत सत्तरच, आणि तिथे काना-मात्राही वेगळा मोजतात. ‘बेंबळी’ हे तीन अक्षरी नाव यंत्र सहा मोजते. म्हणून काटकसर करून दादांसाठी निरोप लिहिला: “मोटर चालू आहे. झोपावे.”

त्या रात्री पावणेदोनला वीज आली. दादांनी ओसरीवरूनच फोन लावला. पलीकडे घंटा वाजून बंद झाली. आम्ही सगळे जागे होतो, पण कोणी बोलत नव्हते. अर्ध्या मिनिटाने त्यांच्या फोनवर अक्षरे उमटली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. मग उठले, काठी घेतली, बॅटरी घेतली आणि निघाले.

“आहो, झोपावे म्हणतंय ना ते!” वहिनी म्हणाल्या.

“म्हनू दे. पयल्या दिशी बघून यावं.”

तासाभराने परत आले, पायाला ओला चिखल. काही न बोलता पडले. दुसऱ्या रात्री मात्र उठले नाहीत. वहिनीही झोपल्या, हे मला सकाळी चहाला झालेल्या उशिरावरून कळले. पाडव्याला दादांनी पुतण्याला एवढेच विचारले, की फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे.

भाऊबीज आटोपून मी पुण्याला निघालो. एसटीच्या खिडकीशी उभे राहून दादा म्हणाले, “पोचल्यावर कळव.” गेली पंचवीस वर्षे ते हे म्हणत आले आहेत, आणि गेली पंचवीस वर्षे मी बहुतेक वेळा विसरत आलो आहे. ते मग दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करतात. न कळले तर पुन्हा पाठवायचे, ही रीत त्यांना कोणत्याही मानकाने शिकवलेली नाही.

ह्या वेळी स्वारगेटला उतरताच मी आधी फोन लावला.

“पोचलो, दादा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि ठेवला.